गायनवृंदाच्या बेस गिटारच्या तारांची उंची : कामाच्या नोंदी, जून ते ऑगस्ट २०२५

वसईतील आमच्या चर्चच्या गायनवृंदाकडे चार तारांचा एक बेस गिटार आहे. जहाजावरच्या वाद्यवृंदात अनेक वर्षे वाजवून निवृत्त झालेल्या एका ज्येष्ठ वादकांनी तो आठ वर्षांपूर्वी आम्हाला दिला. फेंडरच्या जॅझ बेसच्या घडणीचा, अमेरिकेत घेतलेला, ३४ इंच मापाचा आणि २० फ्रेटचा (फ्रेट म्हणजे दांड्यावर बसवलेल्या धातूच्या आडव्या पट्ट्या) हा बेस आवाजाला भरदार आहे. परंतु त्याच्या तारा फ्रेटपासून इतक्या वर उचलल्या गेल्या होत्या की दोन गाणी वाजवली की बोटे दुखू लागत. या वर्षी अकरावीत शिकणारी एक मुलगी बेस शिकू लागली आहे. “काका, पहिल्या फ्रेटवर तार दाबतच नाही,” असे तिने मे महिन्यात दोनदा सांगितले, तेव्हा हे काम हाती घेतले. १५ ऑगस्टच्या, पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाच्या सणाच्या मिस्सेपर्यंत वाद्य तयार व्हावे, एवढी मुदत मी स्वतःला दिली. ज्यांना हेच काम घरी करायचे आहे त्यांना माझा वाया गेलेला वेळ वाचवता यावा, म्हणून या नोंदी चुकांसह ठेवल्या आहेत.

१४ जून २०२५, शनिवार

आज फक्त मोजमाप घेतले. सतराव्या फ्रेटच्या माथ्यापासून तारेच्या खालच्या कडेपर्यंतचे अंतर जाड ई तारेखाली ४.१ मिलिमीटर आणि बारीक जी तारेखाली ३.३ मिलिमीटर भरले. या जातीच्या बेसवर ई तारेखाली सुमारे २.४ आणि जी तारेखाली सुमारे २ मिलिमीटर अंतर सोयीचे मानले जाते, तेच मी लक्ष्य ठरवले.

पहिल्यांदा बेस टेबलावर आडवा ठेवून मोजले होते आणि ते आकडे चुकीचे निघाले. टेबलावर नेकचे, म्हणजे दांड्याचे, टोक टेकले की नेक किंचित वर ढकलली जाते, त्यामुळे वाजवताना असते त्या स्थितीतच, म्हणजे बेस मांडीवर उभा धरून आणि सर्व तारा नेहमीच्या सुरात लावून मोजले पाहिजे. शाळेची प्लास्टिकची पट्टीही या कामाला निरुपयोगी ठरली, कारण तिचा शून्य कडेपासून सुरू होत नाही. कडेपासून शून्य असलेली, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणा असलेली पोलादी पट्टी वापरली.

१५ जून, रविवार

आजची चूक या संपूर्ण कामातील सर्वांत महागडी होती. तारांची उंची कमी करायची म्हणजे ब्रिजवरची (वाद्याच्या बुडाकडच्या घोडीवरची) सॅडल, म्हणजे तारेखालचा छोटा टेकू, खाली न्यायची, इतकाच विचार करून मी थेट ब्रिजला हात घातला. प्रत्येक सॅडलला दोन बारीक ग्रब स्क्रू (बिनडोक्याचे स्क्रू) असतात आणि ते फिरवले की सॅडल वर-खाली होते. ई तारेची सॅडल दोन फेरे उतरवली, उंची ३.१ झाली. हुरूप आला म्हणून आणखी उतरवून २.४ पर्यंत नेली. त्यानंतर बाराव्या फ्रेटच्या पुढे प्रत्येक स्वर झणझणू लागला आणि पहिल्या-दुसऱ्या फ्रेटवर मात्र तार पूर्वीइतकीच कडक राहिली. म्हणजे ज्या तक्रारीसाठी काम सुरू केले ती तशीच राहिली आणि एक नवी तक्रार निर्माण झाली. ई तार पुन्हा ३.१ वर आणून ठेवली.

पट्टी घेऊन बसल्यावर त्याचे कारण उमगले. तारेची लांबी ८६४ मिलिमीटर आहे आणि सतरावा फ्रेट नटपासून (नेकच्या वरच्या टोकाला तारा जिच्या खाचांतून जातात त्या पट्टीपासून) सुमारे ५४० मिलिमीटरवर येतो. सॅडल १ मिलिमीटर उतरवली तर सतराव्या फ्रेटवर तार ०.६ मिलिमीटरपेक्षा थोडी अधिक उतरते, बाराव्यावर बरोबर अर्धा मिलिमीटर, आणि पहिल्या फ्रेटवर जवळजवळ काहीच नाही. पहिल्या फ्रेटवरचा कडकपणा ब्रिजकडून कधीच जाणार नव्हता. त्याचे मूळ नटमध्ये आणि नेकच्या बाकात होते.

दुसरी चूक हत्याराची होती. स्क्रूचे खाचे इंची मापाचे, एक सोळांश इंचाचे, म्हणजे १.५९ मिलिमीटरचे आहेत. माझ्याकडे १.५ मिलिमीटरची ॲलन की (षटकोनी किल्ली) होती आणि ती आत बसली म्हणून मी ती चालवली. नऊ शतांश मिलिमीटरची ती ढिलाई गंजलेल्या स्क्रूवर पुरेशी घातक ठरली. डी तारेच्या सॅडलचा एक स्क्रू जागचा हलला नाही आणि त्याचा षटकोनी खाचा आतून गोल झाला. वसईच्या खाऱ्या हवेत असे स्क्रू गंजणारच, हे आधी लक्षात घ्यायला हवे होते. आज चार तास गेले आणि वाद्य सकाळपेक्षा वाईट अवस्थेत ठेवून उठलो.

२१ जून, शनिवार

रविवारी रात्रीच गंजलेल्या स्क्रूवर गंज सोडवणाऱ्या तेलाचे दोन थेंब सोडले होते. आठवडाभर रोज एक थेंब दिला. आज ती सॅडल ब्रिजवरून पूर्ण काढून घेतली. त्यासाठी डी तार सैल करून बाजूला केली आणि मागचा लांब स्क्रू सोडवला. त्या स्क्रूवरची स्प्रिंग उडून कपाटाखाली गेली आणि ती शोधण्यात पाऊण तास गेला. हे काम मोठ्या ताटात, खाली जुना टॉवेल अंथरून करावे.

सॅडल हातात आल्यावर स्क्रूच्या टोकाला सोल्डरिंग आयर्न दोन मिनिटे टेकवून ठेवले. गरम झाल्यावर, गोल झालेल्या खाच्यापेक्षा किंचित मोठा टॉर्क्स बिट (ताऱ्याच्या आकाराचे टोक) हलक्या हातोडीने आत बसवला आणि एका झटक्यात न फिरवता थोडा पुढे, थोडा मागे असा फिरवत राहिलो. पाचव्या-सहाव्या वेळेला स्क्रू कुरकुरत सुटला. उष्णता न देता जोर लावला असता तर सॅडलमधले आटेच गेले असते. पिकअप (तारांचा कंप टिपणारे चुंबकी भाग) व रंग यांच्याजवळ आयर्न नेऊ नये, म्हणून सॅडल बाहेर काढल्याशिवाय हा उपाय करू नका.

२८ जून, शनिवार

मुंबईला जाऊन आलो. क्रॉफर्ड मार्केटजवळच्या नागदेवी स्ट्रीटवर हत्यारांची आणि स्क्रूंची दुकाने आहेत, तिथे इंची मापाचे ग्रब स्क्रू शोधले. पहिल्या दोन दुकानांत साडेतीन मिलिमीटरचे स्क्रू पुढे केले गेले आणि ते दिसायला अगदी तसेच होते. व्यास जवळजवळ सारखाच आहे, परंतु आट्यांमधले अंतर निराळे आहे: जुन्या स्क्रूला इंचाला ३२ आटे, म्हणजे दोन आट्यांत ०.७९ मिलिमीटर, मेट्रिक स्क्रूला ०.६ मिलिमीटर. असा स्क्रू दीड-दोन फेरे हाताने जातो, मग अडतो, आणि तिथे जोर केला की सॅडल कायमची बाद होते. निघालेला जुना स्क्रू आणि सुटी सॅडल दोन्ही बरोबर नेली होती म्हणून हे दुकानातच तपासता आले. तिसऱ्या दुकानात योग्य माप मिळाले. आठ स्क्रू १६० रुपये, इंची ॲलन कीचा संच ३८० रुपये, फिलर गेज (बारीक फट मोजण्याच्या पातळ पात्यांचा संच) २२० रुपये.

तिथून चालत धोबी तलावला जाऊन ४५ ते १०० मापाच्या (माप म्हणजे इंचाच्या सहस्रांशात जाडी) तारांचा संच २,४०० रुपयांना घेतला. जुन्या तारा ४५ ते १०५ मापाच्या होत्या. नव्या किंचित सडपातळ घेण्यामागे शिकणाऱ्या बोटांचा विचार होता. जुन्या तारा टाकल्या नाहीत, त्यांचा उपयोग पुढे झाला.

५ जुलै, शनिवार

नवे स्क्रू बसवले, प्रत्येकाला यंत्राच्या तेलाचा एक थेंब लावून. नव्या तारा चढवताना चारही जुन्या एकदम न काढता एकेक बदलली, जेणेकरून नेकवरचा ताण एकाएकी नाहीसा होऊ नये. चार तारांचा मिळून ताण ७५ ते ८० किलोच्या घरात असतो आणि नेक त्याच ताणाखाली वाकून स्थिरावलेली असते.

त्यानंतर, जे पहिल्याच दिवशी करायला हवे होते ते केले: नेकचा बाक मोजला. ई तार पहिल्या फ्रेटवर कॅपोने (तारा दाबून धरणाऱ्या चिमट्याने) आणि शेवटच्या फ्रेटवर बोटाने दाबली की ती तार सरळ पट्टीचे काम करते. मग आठव्या फ्रेटच्या माथ्याशी आणि तारेत जी फट राहते तोच बाक. फिलर गेजची ०.७५ मिलिमीटरची पात सहज आत गेली. हवी होती ०.३०. म्हणजे नेक तारांच्या ओढीने पुढे वाकलेली होती, आणि तशा नेकवर मी सॅडल उतरवत बसलो होतो.

या बेसचा ट्रस रॉड (नेकच्या आतली, तिचा बाक कमी-जास्त करणारी सळई) नेकच्या वरच्या टोकाकडून फिरवता येतो आणि त्याला तीन सोळांश इंचाची की लागते. इथे साडेचार मिलिमीटरची की घालण्याचा मोह मुळीच करू नये. सॅडलचा स्क्रू साडेतीन तासांत बदलता येतो, ट्रस रॉडचा नट बिघडला तर संपूर्ण नेकच धोक्यात येते. घट्ट करण्यापूर्वी एक अष्टमांश फेरा सैल करून रॉडचा नट मोकळा फिरतो याची खात्री केली. दुपारी चारला पाव फेरा घट्ट केला: बाक ०.६०. पाचला आणखी पाव फेरा: ०.४८. सहाला पुन्हा अष्टमांश: ०.४०. समाधानाने झोपलो.

६ जुलै, रविवार

सकाळी बाक ०.१२ निघाला. रात्रभर लाकूड सरकतच राहिले होते. पहिल्या पाच फ्रेटवर ई आणि ए दोन्ही तारा खरखरू लागल्या आणि सकाळच्या मिस्सेला बेस नेता आला नाही. गायनवृंदाला बेसविना गावे लागले, याचे मला मनापासून वाईट वाटले. मी घाई केली नसती तर तसे झाले नसते. ट्रस रॉड पाव फेरा सैल केला आणि या वेळी की खणात ठेवून दिली.

१० जुलै, गुरुवार

सोमवारी रात्री बाक ०.२६ होता, आज ०.३० आहे. ई तारेची सतराव्या फ्रेटवरची उंची, सॅडलला हात न लावता, ३.१ वरून २.९ झाली. माझ्या अनुभवाने सांगतो की ट्रस रॉडला एका दिवशी पाव फेऱ्यापेक्षा अधिक फिरवू नये आणि पुढचा निर्णय निदान एक रात्र गेल्यावर घ्यावा. मोजणीला दोन मिनिटे लागतात, परंतु लाकडाला जो वेळ लागतो तो द्यावाच लागतो.

१२ जुलै, शनिवार

नट. तार तिसऱ्या फ्रेटवर दाबून पहिल्या फ्रेटवरची फट मोजली: ई ०.४५, ए ०.४०, डी ०.३५, जी ०.३०. ०.१५ ते ०.२० पुरेशी असते. मुलीच्या तक्रारीचे खरे कारण हेच होते. खाचा खोल करण्यासाठी तारेच्या मापाच्या खास कानशी मिळतात, पण एकाच वाद्यासाठी त्यांचा खर्च मला पटला नाही. ई तारेसाठी जुन्या १०५ मापाच्या तारेचा वीतभर तुकडा घेतला, त्याभोवती बारीक पॉलिश पेपरची पट्टी धरली आणि करवतीसारखा ओढत राहिलो. हाडाचा नट सावकाश झिजतो, दहा ओढींनंतर तार बसवून मोजायचे, असे एका खाचेला पाऊण तास लागला.

ई तार हव्या उंचीवर आली, परंतु उघडी वाजवली की सतारीसारखी झंकारू लागली. मिरजेचे कारागीर सतारीच्या आणि तंबोऱ्याच्या घोडीवर जवारी काढतात तेव्हा पृष्ठभागाला नेमका असा उतार देतात की तार त्याला घासत राहावी. तिथे तो झंकार हेच कारागिरीचे फळ असते. मी अजाणता तेच केले होते. खाचेचा तळ सपाट झाल्याने तार फ्रेटबोर्डाकडच्या कडेवर न टेकता पूर्ण तळावर लोळत होती. खाचेला खुंट्यांच्या बाजूला उतार देऊन फ्रेटबोर्डाकडची कडच सर्वांत उंच ठेवली, आणि झंकार थांबला.

ए तारेसाठी घाई झाली. गॅस वेल्डिंगच्या नोझल साफ करण्याच्या खरखरीत सळयांचा संच ९० रुपयांना आणला होता. त्यातली दोन मिलिमीटरची सळई भराभर कापते. आठ-दहा ओढींतच खाच इतकी खोल गेली की उघडी ए तार पहिल्या फ्रेटला लागू लागली.

१३ जुलै, रविवार

खाच भरून काढली. खाचा कोरताना निघालेला हाडाचा भुगा कालच कागदावर जमवला होता. खाच स्पिरिटने पुसून कोरडी केली, नटच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली, भुगा दाबून भरला आणि वर फेविक्विकचा एक थेंब सोडला. भुगा तो क्षणात शोषून घेतो व त्यातून उठणारी वाफ डोळ्यांना फार झोंबते, म्हणून खिडकी उघडी ठेवून तोंड बाजूला करून काम करावे. तासाभराने पुन्हा खाच कोरली, या वेळी जुन्या तारेनेच. संध्याकाळपर्यंत चारही तारांची फट ०.२० ते ०.१५ च्या दरम्यान आली. ई तारेची सतराव्या फ्रेटवरची उंची २.७५.

२६ जुलै, शनिवार

आता सॅडल. ई तार ०.३५ मिलिमीटर उतरवायची होती. स्क्रूच्या एका फेऱ्याने सॅडल ०.७९ मिलिमीटर हलते आणि सतराव्या फ्रेटवर तार सुमारे अर्धा मिलिमीटर, त्यामुळे पाऊण फेऱ्याला जरा कमी पुरणार होते. तेवढेच फिरवले आणि पट्टीवर २.४ आले. दोन्ही स्क्रू सारखेच फिरवावेत, नाहीतर सॅडल कलते आणि तार एका बाजूला सरकते. ए २.३, डी २.१ आणि जी २.० ठेवली, फ्रेटबोर्ड आडवा गोलसर असल्याने मधल्या तारा त्या गोलाईला धरून राहतात की नाही हे नजरेनेही तपासले. १५ जूनला चार तास घालवून जे साधले नाही, त्याला आज पंचवीस मिनिटे लागली.

उंची बदलली की सूरही सरकतो. बाराव्या फ्रेटवर दाबलेला स्वर ट्यूनरवर तपासला तेव्हा ई तार चढी निघाली. तिची सॅडल जवळजवळ दोन मिलिमीटर मागे घ्यावी लागली. शिवाय तारा खाली आल्याने पिकअपची चुंबके त्यांच्या फार जवळ आली होती आणि ई तारेचा दीर्घ स्वर डळमळत होता. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून पिकअपपासून तीनेक मिलिमीटर अंतर राहील इतके पिकअप खाली घेतल्यावर स्वर स्थिर झाला.

एक दोष उरला: डी तारेवर आठव्या फ्रेटवरचा स्वर तेवढा झणझणतो.

२ ऑगस्ट, शनिवार

जुन्या एटीएम कार्डाचा सरळ तुकडा सातव्या, आठव्या आणि नवव्या, मग आठव्या, नवव्या आणि दहाव्या फ्रेटवर असा टेकवत गेलो. नवव्यावर तो डुगडुगला. फ्रेटची एक बाजू लाकडातून केसभर उठली होती. खाली फेविक्विकचा बारीक थेंब ओढून घेऊ दिला, वर लाकडाचा ठोकळा ठेवून क्लॅम्पने तासभर दाबून धरले. डुगडुग थांबली आणि झणझणही.

१४ ऑगस्ट, गुरुवार

अखेरची तपासणी. बाक ०.३० वरून ०.३८ झाला आहे. पावसाळ्यात या नेकला पुढे वाकण्याची सवय दिसते. दुसऱ्या वाद्याची नेक उलट दिशेनेही जाऊ शकते, म्हणून माझा आकडा कुणी आपल्या बेसवर लादू नये. अष्टमांश फेरा घट्ट केला आणि आज आणखी काही करायचे नाही असे ठरवले.

आतापर्यंतचा खर्च ३,५२० रुपये झाला. वर न सांगितलेल्या रकमेत २१० रुपयांचे तेल आणि पॉलिश पेपर व फेविक्विकचे ६० रुपये आहेत. वेळ सुमारे एकोणीस तास गेला. आधी बाक, मग नट आणि शेवटी सॅडल हा क्रम पाळला असता तर, लाकडाला द्यायच्या रात्री सोडून, तो सहा-सात तासांचा होता.

संध्याकाळी सरावाला त्या मुलीने पहिल्या फ्रेटवरचा एफ वाजवला, पुन्हा वाजवला, आणि काही न बोलता पुढचे गाणे सुरू केले. पूर्ण दीड तास ती थांबली नाही. जी तारेवर चौदाव्या फ्रेटला अजून किंचित झणझण आहे, ती ॲम्प्लिफायरमधून ऐकू येत नाही आणि आमच्या कोणत्याही गाण्यात तो स्वर लागत नाही, म्हणून ती तशीच ठेवली आहे. दोन्ही इंची ॲलन की एका कापडी पिशवीत घालून बेसच्या पेटीतच बांधल्या आहेत आणि पेटीच्या झाकणाच्या आत आजचे आकडे कागदावर चिकटवले आहेत: बाक ०.३८, नव्या फेऱ्यानंतरचा उद्या सकाळी लिहायचा, ई २.४, ए २.३, डी २.१, जी २.०. पाऊस ओसरून हवा कोरडी झाली की ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात पुन्हा मोजायचे आहे.